श्रुतिकेतली माणसं त्यांच्या वयाची कशी वाटावीत

आमच्या नव्या श्रुतिकेत, म्हणजे नुसत्या ऐकायच्या नाटकात, एकच बाई चार वयांत बोलते. १९७२ च्या दुष्काळात ती ९ वर्षांची आहे, १९७९ साली १६, १९९८ साली ३५ आणि २०२४ साली ६१. आधी तासगाव तालुक्यातलं गाव आणि तळ गाठलेली विहीर, मग सांगलीतली भाड्याची खोली, शेवटी पुण्याच्या सुनेशी फोनवरचं बोलणं. चारही वयांत तिच्या तोंडी एकच प्रश्न आहे: ‘पाणी आलं का गं?’ ९ वर्षांची झाली माझी भाची. १६ वर्षांची आमच्या शेजारची, कॉलेजात जाणारी मुलगी. ३५ आणि ६१ वर्षांची मी. माझं स्वतःचं वय ५२. रेकॉर्डिंग घरातच, कपाटाची दारं उघडून आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगून.

ही आमची सहावी श्रुतिका. आवाजातून वय दाखवताना मी काय काय चुकले आणि मग काय जमलं, ते इथं लिहिते. घरच्या घरी श्रुतिका करणाऱ्या कुणालाही त्यातलं बरंचसं लगेच करून बघता येईल.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच श्रुतिकेत झाली. त्यात मी आजी होते. आजी म्हणजे थरथरता, खरखरीत आवाज, असं मी धरून चालले. दोन तास घसा खरवडून बोलले आणि पुढचे चार दिवस माझा आवाज बसला. नंतर ऐकलं तर ती कुणाचीच आजी नव्हती. आजीचं सोंग घेतलेली मी होते.

मी एका बँकेच्या काउंटरवर काम करते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर येतात, साठीपासून नव्वदीपर्यंतची माणसं एकामागून एक. त्या वर्षी महिनाभर मी नुसती ऐकत राहिले. थरथरता आवाज दिवसाकाठी एखाद्याचाच निघायचा. बाकीच्यांचं वय दुसरीकडंच ऐकू येत होतं. खुर्चीत बसताना सुटलेल्या श्वासात. चष्मा शोधताना अर्ध्यावर राहिलेल्या वाक्यात. मी सांगितलेला आकडा दुसऱ्यांदा विचारताना चढलेल्या आवाजात, कारण ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्यानं बोलतो, पुटपुटत नाही. आणि एक गोष्ट तर मला कधी सुचलीच नसती. ही माणसं बोलायला सुरुवात करताना वेळ घेतात, पण एकदा ‘आमच्या वेळी असं नव्हतं बघा’ सुरू झालं की ते शब्द भराभर येतात. हजार वेळा बोललेलं वाक्य म्हातारपणीही मंद होत नाही. आपण हौशी लोक मात्र सगळंच्या सगळं सावकाश बोलतो.

तेव्हा रेकॉर्डिंगच्या आधी आठवडाभर तरी त्या वयाच्या माणसांजवळ बसा. एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, शाळा सुटताना फाटकाशी. चोरून रेकॉर्ड करू नका, वहीत लिहा. शब्दांपेक्षा श्वास कुठं घेतला ते लिहा. मी श्वासासाठी उभी रेघ मारते आणि अर्धवट सुटलेल्या वाक्यापुढं टिंबं देते.

आता घशाचं थोडं. मोठ्या पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा कंप पावतात, बाईचे १९० ते २२० वेळा, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे अडीचशे किंवा त्याहून जास्त. या वयात मुलगा आणि मुलगी यांच्या सुरात फारसा फरक नसतो. म्हणून लहान मुलग्याचं काम बाईनं करायला काहीच हरकत नाही. पण सूर ही अर्धीच गोष्ट झाली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या तारा ताणून सूर हवा तिथं नेता येतो, पण भोपळा आहे तेवढाच राहतो, आणि नाद त्या भोपळ्याचा असतो. आपल्या स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी म्हणजे हा भोपळा. मोठ्या पुरुषात ती साधारण १७ सेंटिमीटर लांब असते, बाईत १४-१५, मुलात त्याहून बरीच कमी. म्हणून मोठ्या माणसानं नुसता सूर चढवला की बारीक आवाजातला मोठा माणूसच ऐकू येतो.

याच कारणानं सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवू नका. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर वर-खाली करायची सोय आहे, आणि सुरुवातीला सगळ्यांनाच तिचा मोह होतो. साध्या पद्धतीनं सूर चढवला की सोबत भोपळाही त्याच प्रमाणात लहान होतो. खऱ्या मुलाचं शरीर त्या प्रमाणात बनलेलं नसतं, त्यामुळं कार्टूनमधल्या खारीसारखा आवाज येतो. शिवाय बोलण्याची लय मोठ्या माणसाचीच राहते. मी सॉफ्टवेअर एवढ्यासाठीच वापरते: एकाच नटानं दोन माणसं केली असतील तर त्यातल्या एकाला पेटीवरच्या पांढरी एकवरून काळी एकवर नेण्याइतकंच हलवते. त्यापुढं नाही.

लहान मुलाचं काम मोठ्यानं करायचंच असेल तर भोपळा थोडा आखूड करता येतो. ओठांचे कोपरे हसल्यासारखे मागं ओढा, जिभेचं टोक खालच्या दातांना टेकवा, हनुवटी जराशी वर. आवाज हलका ठेवा, पण पिळून बारीक करू नका. याहून महत्त्वाचं म्हणजे श्वास. मूल वाक्याच्या शेवटी श्वास घेत नाही, तो संपेल तिथं घेतं, मग शब्द अर्धा राहिला तरी चालतो: ‘आणि मग ना आम्ही ना तिकडं वि... (श्वास) ...हिरीवर गेलो.’ आवाज लहान-मोठा करणंही त्याला नीट जमत नाही, गुपितसुद्धा ते मोठ्यानं सांगतं. आणि वाक्याच्या शेवटी आपण मोठी माणसं जसं खाली उतरतो तसं ते उतरत नाही, पुढचं सांगायची घाई असते.

बोबडेपणा जपून वापरा. ‘काका’चं ‘ताता’ आणि ‘र’चा ‘ल’ तीन-चार वर्षांच्या मुलाला शोभतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे दुधाचे दात पडलेले असतात, तेव्हा ‘स’मधून हवा निसटते, एवढंच. ९ वर्षांची मुलगी स्वच्छ बोलते. हौशी श्रुतिकांत दहा-दहा वर्षांची मुलं बोबडी बोलताना ऐकली की मला फार वाईट वाटतं, कारण त्या वयाच्या मुलाला आपण बोबडं म्हटलेलं अजिबात आवडत नाही.

खरं मूल मिळत असेल तर खरंच मूल घ्या. आईवडिलांना आधी सगळं सांगा, त्यांच्यापैकी एकाला जवळ बसवा, वीस मिनिटांच्या वर ओढू नका. आणि मुलाच्या हातात कागद देऊ नका. माझ्या भाचीनं पहिल्यांदा कागद बघून म्हटलं, तेव्हा तो शाळेतला वाचनपाठ झाला. सूर तोच, शेवटच्या शब्दावरचा जोर तोच. मग कागद काढून घेतला. आमच्या प्रसंगात आई विहिरीच्या तळाशी उतरलीय, झऱ्याला पाझरणारं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरतेय, आणि पोरगी काठावरून हाक मारते. मी तिला एवढंच सांगितलं. मग आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या कठड्याशी तिला उभं केलं, माइक तिच्यापासून दोन विती लांब ठेवला, आणि मी खाली पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. मी आई आणि ती मला ‘आये’ म्हणणार. तिच्या घरात कुणी आये म्हणत नाही. आधी मी तिला वरून तशा चार हाका मारून दाखवल्या, तेवढ्यात तिला तो शब्द आवडला.

‘आयेऽऽ, पाणी आलं का गंऽऽ?’

मी मुद्दाम ओ दिली नाही. दुसरी हाक जरा मोठी आली. तरी मी गप्प. तिसऱ्या हाकेत चिडचिड होती, आणि त्याखाली थोडी भीतीही होती, खाली कुणी आहे ना याची. तीच हाक आम्ही ठेवली. जिन्यातला घुमारा विहिरीला आयताच मिळाला. नंतर मी पळत वर गेले आणि तिला जवळ घेतलं. पुढच्या वेळी मुलाला घाबरवून आवाज काढायचा नाही असं मी ठरवलं आहे. चिडवण्यापर्यंत ठीक, त्यापुढं नको.

वयात येणाऱ्या मुलांविषयी थोडक्यात. मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते पंधरा या वयात फुटतो. तो सारखा फाटत नसतो, जोर देताना किंवा हसताना अचानक फाटतो. अख्ख्या प्रसंगात एकदा पुरे. १६ वर्षांच्या मुलीला तर आवाज बदलायची गरजच पडली नाही. तिला विचारलं, खोलीत कोण आहे? आजोबा असतील तर ओठ न हलवता, शब्दांची शेपटं गिळून बोल, मैत्रीण असेल तर हसू दाबत बोल. एकाच मिनिटात दोन्ही केलं की सोळा वर्षं ऐकू येतात.

पस्तिशी अवघड आहे. या वयाला काही खूणच नसते, म्हणून नट नुसता छान आवाजात बोलतो आणि ती बाई निवेदिका होते. या वयाची माणसं एक काम करता करता दुसरं बोलत असतात, त्यावरून ती ओळखू येतात. आमच्या प्रसंगात पहाटे साडेचारला नळाला पाणी यायचं आहे, खोलीत मूल झोपलंय, आणि ती नवऱ्याला विचारते, ‘पाणी आलं का हो?’ मी गादीवर बसून म्हटलं, तेव्हा ते पोकळ आलं. मग अर्धी भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि वाकून म्हटलं. कळशीच्या ओझ्यानं वाक्याचा शेवट आपोआप तुटला. पाणी हिंदकळल्याचा आवाजही आलाय, तो काढला नाही. कुजबुजणं आणि दबक्या आवाजात बोलणं यात मात्र फरक करा. नुसत्या कुजबुजीत स्वर नसतो, ती रेकॉर्डिंगमध्ये फुसफुस ऐकू येते. झोपलेल्या मुलाशेजारची आई स्वर ठेवते, फक्त जवळ जाऊन बोलते. तेव्हा माइकला चार बोटांवर या आणि हळू बोला.

आणि मग ६१. यावर माझे तीन आठवडे गेले.

आधी एक हिशेब करा. १९७२ साली ९ वर्षांची असलेली बाई आज म्हातारी नाही. माझी आक्का त्याच वयाची आहे, अजून स्कूटीवरून मंडईत जाते आणि भाजीवालीशी भांडून दोन रुपये कमी करून घेते. तरीही श्रुतिकेच्या कागदावर ‘आजी’ हा शब्द दिसला की आपण पात्राला ऐंशीत ढकलतो. म्हणून कागदावर नातं लिहू नका, वय आकड्यात लिहा, जन्मसालही लिहा.

मी पहिलं रेकॉर्डिंग कुणाचं ते न सांगता वन्संना पाठवलं आणि विचारलं, ही बाई किती वर्षांची वाटते? त्यांचं उत्तर आलं, ‘पंच्याऐंशीची तरी असेल, तब्येत बरी आहे ना तिची?’ ही परीक्षा प्रत्येकानं जरूर घ्यावी. ज्यानं संहिता वाचलेली नाही अशा माणसाला एकच वाक्य ऐकवायचं. पाच वर्षं इकडंतिकडं चालतील, पंचवीस नाहीत.

मग मी काढायला लागले. आधी संथपणा काढला. मग खरखर काढली. बायकांचा सूर उतारवयात थोडा खाली येतो, म्हणून सूर अगदी किंचित उतरवला, तोही मुद्दाम नाही. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी रेकॉर्ड केलं, त्या वेळी आवाज आपोआप जड असतो. भाचीचं काम अकरानंतर, घसा मोकळा झाल्यावर. हा क्रम सगळ्यांनाच उपयोगी पडेल: मोठ्या वयाची कामं सकाळी, लहान वयाची नंतर, ओरडण्याची सगळ्यात शेवटी. आधी ओठ फुरफुरवून आणि तोंड मिटून गुणगुणून घसा तापवायचा, जवळ साधं पाणी ठेवायचं.

ठेवलं काय, तर बसणं. मी कॉटच्या काठावर बसले, पाय खाली सोडून, पाठ जरा बाकवून. पोट दबलं की श्वास आखूड होतो आणि वाक्य आपोआप दोन तुकड्यांत येतं. उठताना गुडघ्यावर हात ठेवला, त्यासरशी जो श्वास सुटला तो तसाच राहू दिला. खोकला नाही, कण्हणं नाही. आमच्या गटात कागदावर ‘खोकतात’ असं लिहायलाच बंदी आहे, पात्राला खोकलाच झाला असेल तर गोष्ट वेगळी.

फोन तोंडासमोर आडवा धरून, स्पीकर लावून ती बोलते. आवाज मोठा, कारण पुणं लांब आहे. ‘पाणी आलं का गं तुमच्याकडं?’ इथं भाषेनं मला सगळ्यात जास्त हात दिला. ९ व्या वर्षी ती ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ म्हणते. ३५ व्या वर्षी सांगलीत, वाड्यातल्या शेजाऱ्यांसमोर ती जपून ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणते. ६१ व्या वर्षी कुणासमोर जपायचं राहिलेलं नाही, म्हणून ‘न्हाई’ परत आलंय. हे लिहिताना सुचलं नव्हतं, वाचताना माझ्याच तोंडून निघालं. कारण घरी आक्काचंही तसंच झालंय. वय वाढलं की शब्द जुने होतात असं धरून पात्राच्या तोंडी उगाच म्हणी घालू नका. ती कुणासमोर कशी बोलायची आणि आता कशी बोलते, ते ठरवा.

शिवाय तिला उत्तर ठाऊक आहे. सोसायटीत टँकर येतो, रोज येतो. ती पाण्याचं विचारतच नाहीये, तिला फोन ठेवायचा नाहीये. हे मला कळलं त्या दिवशी प्रश्नानंतर मी अर्धा श्वास थांबले. उत्तराच्या आधीची ती जागा संपादन करताना कापायची नाही असं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

खरंच ऐंशी-नव्वदीचं पात्र असेल तर अजून दोन-तीन गोष्टी. दात नसलेलं बोळकं हवं असेल तर ओठ दातांवर आत दुमडून बोला. ‘प’, ‘फ’, ‘ब’ ठीक येतात, ‘त’, ‘द’, ‘स’ घसरतात. तोंडात सुपारी किंवा कापूस ठेवून बोलायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, ठसका लागून श्वास अडकू शकतो. एका श्वासात चार-पाच शब्दच बोला. म्हाताऱ्या पुरुषाला खर्जात नेऊ नका. स्वरतंतू पातळ होतात आणि पुरुषांचा सूर या वयात उलट थोडा चढतो, आवाज पोकळ होतो. आणि खरखर नकोच. घसा दुखला की थांबा.

चारही वयांची बाई एकच आहे हे कळायला आम्ही दोन खुणा ठेवल्या. ‘तसं नव्हं’ हे दोन शब्द, आणि प्रश्नाच्या आधी नाकानं घेतलेला छोटा श्वास. तो भाचीचा जात्याच आहे. आम्ही बाकीच्यांनी तिचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून तो उचलला. मोठ्यानं लहानाची नक्कल करणं सोपं जातं, उलटं करू नका. म्हणजेच सकाळ-दुपारचा क्रम एका दिवसापुरता ठेवा, पण सगळ्यात लहान वयाचं रेकॉर्डिंग आधीच्या एखाद्या दिवशी उरका.

माइकचं थोडं. नेहमीच्या बोलण्याला एक वीत अंतर, आणि माइक तोंडासमोर नको, गालाच्या रेषेत बाजूला, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ आले की फटफट फुटतं. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, मोठ्या हाकेला जागा राहते. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर बंद. दर बैठकीला तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, जोडताना लागते. आजी-नातवाचं बोलणं वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड केलं असेल तर जोडताना नातवाचं वाक्य आजीच्या शेवटच्या शब्दावर थोडं चढवा. मूल कधी कुणाचं वाक्य संपायची वाट बघत नाही.

तिसऱ्या आठवड्यात ६१ वर्षांच्या बाईचं ते एक वाक्य मी पुन्हा वन्संना पाठवलं, या वेळीही कुणाचं ते न सांगता. रात्री त्यांचा आवाजी निरोप आला: ‘कोण गं ही? साठीच्या आतबाहेरची आहे. गावाकडची, पण बरीच वर्षं शहरात राहिलेली.’ मग जरा थांबून, ‘आणि आलं का शेवटी पाणी?’